बोटांना दिसेल एवढं

सुईताई हे नाव तिला तळघर झाडणाऱ्या मावशींनी दिलं. मावशींचं म्हणणं सरळ होतं. "बाई दिवसभर सुई घेऊन बसते, शिवत मात्र टाकाभर नाही. मग हिला दुसरं काय म्हणायचं?" नाव चिकटलं ते चिकटलंच. वर्षभरात दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक फोनवर "जरा सुईताईंना बोलवा" म्हणायला लागले आणि पगाराच्या पाकिटावर छापलेलं खरं नाव तिला स्वतःलाच परकं वाटायला लागलं.

त्याआधी आठ वर्षं ती चष्म्याच्या दुकानात होती. पुढच्या काउंटरवर मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत ती घासचाकावर काचा घासायची. फ्रेमचे इवलेसे स्क्रू बसवणं हेही तिच्याचकडे. दुकान बंद झालं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. विज्ञान संस्थेत एका नव्या यंत्रासाठी मदतनीस हवाय, शिक्षणाची अट फारशी नाही, पण हात स्थिर हवा, असं कुणीतरी सांगितलं म्हणून ती गेली.

बाकावर तिच्यासारखे अकराजण बसले होते. आत एक उंच, केस विस्कटलेले गृहस्थ उभे होते. पॉलिमरचे शास्त्रज्ञ. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. टेबलावर एक चपटी डबी होती. डबीत तिळाएवढे करडे तुकडे ओळीने बसवलेले.

"यातला एक चिमट्याने उचला आणि शेजारच्या डबीत ठेवा," सर म्हणाले. "बास. एवढीच परीक्षा."

तिच्या आधीच्या दहाजणांनी काय केलं होतं ते टेबलाखाली दिसत होतं. करडा भुगा सांडला होता. तिने आधी चिमटा उलटसुलट करून पाहिला, त्याची टोकं एकमेकांवर नीट बसत नाहीत असं सांगून दुसरा मागितला. मग कोपर टेबलावर टेकवलं, श्वास धरला आणि तीळ उचलला. पण शेजारच्या डबीत ठेवला नाही. तसाच धरून विचारलं, "याची कुठली बाजू वर ठेवायची?"

सर तिच्याकडे बघतच राहिले. त्या तुकड्याच्या एका कडेला केसाएवढी बारीक पट्टी पुढे आलेली असते आणि त्या पट्टीच्या टोकाखाली खरी सुई असते. ती डोळ्याला दिसत नाही. बाजू चुकली की सुई गेली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. चष्म्याच्या काचेलाही आतली-बाहेरची बाजू असते, तेवढ्यावरून तिने विचारलं होतं.

"उद्यापासून या," सर म्हणाले. बाकावर अजून एकजण बसलाय हे ते विसरूनच गेले.

यंत्राचं नाव लांबलचक होतं, अणुबल सूक्ष्मदर्शक. तिला वाटलं होतं, सूक्ष्मदर्शक म्हणजे डोळा लावून बघायचं. इथे डोळा लावायला जागाच नव्हती. सरांनी पहिल्या दिवशी तिला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि टेबलावर एक नाणं, एक कंगवा आणि एक बटण ठेवलं.

"बोट फिरवा. काय आहे सांगा."

तिने सांगितलं.

"आपलं यंत्र हेच करतं. बघत नाही, चाचपतं. सुई पृष्ठभागावरून बोटासारखी फिरते. चढ आला की पट्टी वर वाकते, खड्डा आला की खाली. पट्टीच्या पाठीवर लेसरचा ठिपका पडलेला असतो, तो परतून समोरच्या पडद्यावर हलतो. पट्टी केसाच्या लाखाव्या भागाएवढी वाकली तरी आपल्याला कळतं."

संध्याकाळी घरी तिने हे सगळं हातवारे करून सांगितलं. घरात बाबा आणि आत्या. आई ती लहान असतानाच गेलेली. आत्याने तेव्हापासून घराचा ताबा घेतला तो घेतलाच. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढी जगात नसेल अशी सुई तुझ्या हातात, आणि माझ्या गाऊनचं बटण मागच्या महिन्यापासून तसंच लोंबतंय."

बाबा कापडाच्या कारखान्यात तपासनीस होते. तीस वर्षं त्यांनी ताक्यांवरून हात फिरवला होता. डोळ्यांना न दिसणारी गाठ त्यांच्या बोटांना लागायची. त्यांनी विचारलं, "सुई किती जोरात टेकवायची हे कसं ठरवतेस?"

त्या यंत्राबद्दल तिला पुढे शेकडो लोकांनी शेकडो प्रश्न विचारले. पण नेमका हा प्रश्न पहिल्याच दिवशी फक्त बाबांनी विचारला. आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा होता.

तळघरातली ती खोली तिला आयुष्यभर पुरली. लांबी नऊ पावलं, रुंदी सहा. खिडकी नाही. मधोमध छताला चार जाड रबरी दोर आणि त्यांवर टांगलेली दगडी फरशी. फरशीवर यंत्र. हे झोपाळ्यासारखं प्रकरण कशासाठी, तर इमारतीचा थरथराट सुईपर्यंत पोचू नये म्हणून. तरीही पोचायचा. वर लिफ्ट थांबली की पडद्यावरच्या चित्रात आडवी रेघ उमटायची. रस्त्यावरून मोठी गाडी गेली की कंगव्याच्या दातांसारख्या पाच-सहा रेघा. पंखा बंद. बोलणं कुजबुजत. दाराबाहेर चपला-बूट काढायचे, हा तिचा नियम, आणि तो सगळे पाळायचे. एकटे सर सोडून. सर टाचा आपटत यायचे आणि "काय दिसतंय?" म्हणून ओरडायचे. मग चित्रात जी जाडजूड रेघ यायची तिला ती वहीत 'सर आले' असं लिहून ठेवायची.

एक चित्र पुरं व्हायला नऊ मिनिटं लागत. ओळीमागून ओळ, वरून खाली, कुणी अंगण सारवत यावं तसं. त्या नऊ मिनिटांत काहीही करायचं नसे. सुरुवातीला तिचा जीव जायचा. मग सवय झाली आणि मग त्याची गोडी लागली. सर खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि दबक्या आवाजात बोलायचे. पॉलिमर म्हणजे काय हे ती कुठल्या वर्गात शिकली नाही, त्या नऊ-नऊ मिनिटांत शिकली. लांबच लांब रेणू, एकाला एक कडी जोडलेली साखळी. प्लॅस्टिकची पिशवी तीच, रबर तेच, लोकरही तेच. सरांचं काम शस्त्रक्रियेच्या टाक्यांच्या दोऱ्यावर होतं. जखम भरली की आपोआप विरघळून जाणारा दोरा. त्यांना असा दोरा हवा होता की जो तीन आठवडे अजिबात दगा देणार नाही आणि नंतर मागमूस ठेवणार नाही.

"म्हणजे पाहुण्यासारखा," ती एकदा म्हणाली. सर इतक्या मोठ्याने हसले की ते चित्र वाया गेलं.

तिसऱ्या वर्षी ती गोष्ट घडली.

सरांनी एक नवं पॉलिमर बनवलं होतं. त्याचा पातळ थर अभ्रकाच्या तुकड्यावर पसरून तिने सुई फिरवली, आणि पडद्यावर साखळ्या दिसल्या. एकेक सुटी साखळी! अंधारात टाकलेल्या दोऱ्यांसारखी. आणि प्रत्येक साखळी जोडीने. एक ठळक, तिच्या शेजारी दुसरी. सर खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. या साखळ्या दोन-दोन मिळून राहतात, म्हणूनच हा दोरा इतका चिवट आहे, असा त्यांचा अर्थ निघाला. तीन आठवडे त्यांनी तिला अशी चित्रं काढायला लावली. मग ते मोठ्या परिषदेला गेले. तिथे टाळ्या झाल्या. लेख छापायला गेला. परत आले तेव्हा त्यांनी तळघरात सगळ्यांना केक खाऊ घातला. खोलीच्या बाहेर, अर्थात.

चार दिवसांनी ती साखळ्यांची चित्रं वहीत चिकटवत होती. एका चित्राच्या कोपऱ्यात धुळीचा कण होता. तिने त्याच्यावरून नजर पुढे नेली आणि मागे आणली. कणाच्या शेजारी तसाच दुसरा कण होता. थोडा फिका. उजवीकडे, जरा खाली.

तिने मागचं चित्र काढलं. त्याच्या मागचं. प्रत्येक चित्रात जोडीतली दुसरी साखळी उजवीकडे जरा खालीच होती, तेवढ्याच अंतरावर, तेवढीच फिकी. आणि ज्या साखळ्या नेमक्या त्याच दिशेने आडव्या पडल्या होत्या त्यांची जोडी दिसतच नव्हती, कारण दुसरी पहिलीच्या अंगावरच पडत होती. धूळ काही जोडीने राहत नाही. सुईलाच दोन टोकं होती. एका बोटाने चाचपायच्या ऐवजी एकमेकांवर चढवलेल्या दोन बोटांनी चाचपलं तर एक मणी दोन वाटतो, तसं झालं होतं.

आणि मग तिला आठवलं. ती सुई तिनेच बसवली होती, आणि बसवल्याच्या दिवशी जरा घाईने खाली उतरवली होती. पट्टी क्षणभर हलली होती. तिने बघितलं होतं. काही झालं नसेल म्हणून सोडून दिलं होतं आणि वहीत लिहिलं नव्हतं.

ती वर सरांच्या खोलीत गेली.

"सर, एक बोलायचं होतं."

"बोला की. पण पटकन."

"त्या जोड्या आहेत ना... त्या तिथे नाहीत."

सरांनी चष्मा काढला. तिने धुळीचा कण दाखवला, सुईचं सांगितलं. घाईने उतरवल्याचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी हात वर केला.

"तुमचं काम सुई चालवणं. अर्थ मी लावतो."

एवढंच. आवाज चढवला नाही. ती जिना उतरली आणि मावशींनी "काय झालं गं?" विचारलं तेव्हा "डोळ्यात काहीतरी गेलंय" म्हणाली.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. आत्याने ताट झाकून ठेवलं आणि बाबांकडे बघून मान हलवली. बाबा तिच्याजवळ येऊन बसले. तिने सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट.

बाबांनी अंगठा आपल्या बोटांच्या टोकांवरून फिरवला. "एकदा एक ताका माझ्या हाताखालून गेला," ते म्हणाले. "गाठ होती. बोटाला लागली. माग माझ्या दोस्ताचा होता, त्या महिन्यात त्याचं आधीच दोनदा झालं होतं. मी हात पुढे सरकवला. कुणाला कळलं नाही. काही झालं नाही. कापड विकलं गेलं, कुणी अंगात घातलं असेल, फाटून जुनं झालं असेल."

"मग?"

"मग काय. सव्वीस वर्षं झाली. बोटाला ती गाठ अजून लागते."

दुसऱ्या दिवशी तिने तेच पॉलिमर, तीच सुई घेतली. एक चित्र काढलं. मग नमुना काटकोनात फिरवला आणि दुसरं काढलं. जोड्या खऱ्या असत्या तर त्याही नमुन्याबरोबर फिरल्या असत्या. साखळ्या फिरल्या. दुसऱ्या, फिक्या साखळ्या मात्र अजूनही त्यांच्या उजवीकडे, जरा खालीच. मग तिने नवी सुई लावली. इतक्या हळू उतरवली की अर्धा तास गेला. तिसरं चित्र आलं. साखळ्या एकेकट्या होत्या.

तिन्ही चित्रं घेऊन ती वर गेली. या वेळी आधी चूक सांगितली. "सुई मी घाईने उतरवली होती. तेव्हाच तुटली असणार. मी लिहून ठेवलं नाही." आणि मग चित्रं टेबलावर ओळीने मांडली.

सर पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर बघत राहिले. पुन्हा पहिल्यावर. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही जा."

तीन आठवडे सर तळघरात आले नाहीत. लेख मागे घेतल्याचं पत्र त्यांनी पाठवलं हे तिला मावशींकडून कळलं. मावशींना सगळं सगळ्यांच्या आधी कळायचं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांतल्या काहींनी फोनवर काय काय ऐकवलं हेही कळलं. आपली नोकरी गेली असं धरून तिने टेबलाचा खण आवरून ठेवला होता.

एका सोमवारी दार उघडलं. चित्रात रेघ आली नाही म्हणून तिला कळलंच नाही. वळून पाहिलं तर सर उभे, हातात स्वतःचे बूट, पायांत मोजे, एक मोजा अंगठ्याला फाटलेला.

"काय दिसतंय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

ती हसली आणि मग तिला रडूच आलं. सर खुर्ची ओढून बसले, नव्हे, खुर्ची उचलून ठेवून बसले. नऊ मिनिटं झाल्यावर म्हणाले, "यापुढे चित्रावर पहिली सही तुमची. ती असल्याशिवाय मी अर्थ लावणार नाही." ही रीत त्या खोलीत पुढे कायमची झाली. नवीन विद्यार्थी आले की त्यांना आधी ती तीन चित्रं दाखवली जायची, आणि सर स्वतः दाखवायचे. "ही माझी सगळ्यात मोठी फजिती," असं सांगून.

दोऱ्याचं गूढ दोन वर्षांनी उलगडलं. जोड्या-बिड्या काही नव्हत्या. साखळ्या काही ठिकाणी घट्ट रचून बसतात आणि मधे मधे सैल जागा राहतात. पाणी आधी त्या सैल जागांत शिरतं. नमुना पाण्यात ठेवून दिवसांमागून दिवस एकाच जागेवर सुई फिरवल्यावर ते खड्डे तिला वाढताना दिसले. त्या लेखात तिचं नाव होतं. आत्याने तो कागद उलटसुलट केला आणि म्हणाली, "नाव तेवढं वाचता येतंय. बाकी काय भाषा आहे देव जाणे." आणि कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली ठेवला.

याच सुमारास वरच्या मजल्यावर एक जीवरसायनाच्या बाई आल्या. मॅडम. ठेंगण्या, बोलक्या, खिशात नेहमी काचेच्या बाटल्या किणकिणणाऱ्या. त्यांना शरीरातले रेणू बघायचे होते. पहिल्यांदा त्यांनी डीएनए आणलं. अभ्रकावर थेंब टाकला, धुतला, वाळवला, आणि पडद्यावर बारीक बारीक वेटोळी उमटली. मग कोलॅजन आणलं. कातडी, स्नायूंच्या दोऱ्या, हाडं, सगळं ज्याच्या आधाराने उभं असतं ते. उंदराच्या शेपटीतून काढलेलं.

ते चित्र ओळीओळीने खाली उतरायला लागलं तशी ती पुढे झुकली. जाडसर दोरखंड, आणि त्यांच्यावर आडव्या पट्ट्या. उंच, खोल, उंच, खोल. अगदी ठरलेल्या अंतराने. सदुसष्ट नॅनोमीटर, मॅडम म्हणाल्या. उंदरात तेवढं, माणसातही तेवढंच.

तिच्या मनात आलं, हे बाबांना दाखवायला हवं.

पण बाबांना आता दिसत नव्हतं. काचबिंदूने कडेकडेने खात खात डोळे पुरते नेले होते. कारखाना सुटला होता. ते दिवसभर खिडकीशी बसायचे आणि पडद्याची कड बोटांत फिरवायचे. तिने छापील चित्र घरी आणलं, वर्णन करून सांगायला लागली. बाबा मान डोलवत होते, पण ती मान कशी डोलते ते तिला माहीत होतं. आत्याच्या दुखण्याच्या गोष्टी ऐकताना ते अशीच डोलवायचे.

बोलता बोलता ती थांबली. यंत्राने हे बघितलेलं नाही, चाचपलेलं आहे. आपण त्याचं चित्र केलं, ते फक्त डोळेवाल्यांच्या सोयीसाठी. मूळ माहिती उंचीचीच आहे.

पुढच्या तीन महिन्यांतल्या सगळ्या रविवारी घरात पुठ्ठ्याचा कचरा झाला. यंत्राने मोजलेल्या उंचीवरून ती थरामागून थर आखायची, एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यात कापायची, एकावर एक चिकटवायची. मोजमाप पाच लाख पट. लांबी, रुंदी, उंची, सगळं त्याच मापाने. उगाच फुगवायचं नाही. पन्नासच्या वर थर झाले. आत्या झाडू घेऊन मागे लागायची. "हे नक्की काय करतेयस?"

"उंदराची शेपटी."

"घरात?" आत्या खुर्चीवर चढली.

मग सगळ्या कडा कानशीने गोल केल्या, वर पातळ लुगदीचा हात दिला. वाळल्यावर अर्धा मीटर लांबीचा, तीनेक बोटं उंच असा एक पट्टेदार दोरखंड तयार झाला. दुपारी जेवणं झाल्यावर तिने तो बाबांच्या मांडीवर ठेवला.

बाबांनी आधी दोन्ही हात त्याच्या दोन टोकांना लावले. किती मोठं आहे ते बघितलं. मग उजव्या हाताची पहिली दोन बोटं एका टोकावर ठेवली आणि सरकवायला लागले. तिला ती बोटं कारखान्यातल्यासारखीच चालताना दिसली. ना घाई, ना थांबणं. पंधरा पट्ट्या. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर ते उलटे आले. मग कडेने गेले. आत्यासुद्धा हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली होती.

"अंतर चुकत नाही," बाबा म्हणाले. "एकदाही नाही. कुठल्या मागाचं आहे हे?"

"मागाचं नाही बाबा. शरीरातलं आहे. उंदराच्या शेपटीत मिळालं. पण तुमच्या टाचेवर जी जाड दोरी लागते ना, तीही अशीच."

बाबांनी हात खाली नेला आणि पायजम्याच्या कडेखाली टाचेमागची शीर चिमटीत धरली. थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

"चौसष्ट वर्षं," ते म्हणाले. "चौसष्ट वर्षं हे कापड अंगावर घेऊन फिरतोय आणि मला पत्ता नाही."

मग चेहरा खिडकीकडे वळवून म्हणाले, "मी तपासलेलं एवढं कापड. एवढं चोख एकही नव्हतं गं."

त्यानंतर बाबांना चटकच लागली. दर दोन-तीन महिन्यांनी ते विचारायचे, "नवीन काय आणलंयस?" तिने त्यांना डीएनएचं वेटोळं करून दिलं, ते त्यांना आवडलं नाही, "गुंतवळ आहे नुसती," म्हणाले. टाक्यांच्या दोऱ्याचा पृष्ठभाग करून दिला, सैल जागांतल्या खड्ड्यांसकट. त्यातला एक खड्डा चाचपून त्यांनी विचारलं, "हा बाकीच्यांपेक्षा खोल का?" तिने सरांना विचारलं. सरांनाही माहीत नव्हतं. त्या खड्ड्यावर सरांच्या एका विद्यार्थिनीने पुढे वर्षभर काम केलं.

सर एकदा घरी आले. दारात आपण होऊन बूट काढले. बाबांच्या शेजारी बसून दोघांनी पुठ्ठ्याच्या त्या दोरखंडावर एकाच वेळी बोटं फिरवली. सरांनी डोळे मिटले होते. बाबा त्यांना सांगत होते, "इतकं दाबू नका. दाबलं की हात आपलाच आवाज ऐकतो. नुसतं टेकवा." सर निमूटपणे शिकत होते.

बाबा गेले तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. झोपेतच गेले. पाचव्या दिवशी ती कामावर गेली, कारण घरात बसून खिडकीजवळची खुर्ची बघवत नव्हती. सर खाली आले, मॅडम आल्या. तिने नमुना लावला, सुई उतरवली. तिघंही नऊ मिनिटं बसून राहिले, मग पुढची नऊ, मग पुढची. कुणी काही बोललं नाही आणि त्या दिवशीची चित्रं वर्षातली सगळ्यात स्वच्छ निघाली.

निवृत्त झाल्यावर तिने तळघराकडे जाणं टाळलंच. सर दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला गेले. सणासुदीला नाही, पण मनात येईल तेव्हा फोन करायचे आणि दोऱ्याबद्दल बोलायचे. घरातली तिची पुठ्ठ्याच्या प्रतिकृतींची फळी मात्र वाढत गेली. अंधशाळेने बाबांचा तो दोरखंड बघायला मागितला, मग आणखी मागितले. आठवड्यातून दोन दिवस ती तिथे जाते. मुली तिच्याशी वाद घालतात, तिला ते आवडतं. नव्वदीला पोचलेली आत्या घरातला पुठ्ठा आता मोजून ठेवते आणि "तुझा माल संपत आला" अशी आठवण करते.

मागच्या वर्षी मॅडमचा फोन आला. त्यांचेही केस पिकलेत. "नवीन यंत्र आलंय. या बघायला. मी गाडी पाठवत नाही, नाहीतर तुम्ही कारण काढाल."

ती बसने गेली. खोली आता तळघरात नव्हती, दुसऱ्या मजल्यावर होती, खिडकी होती, आणि लोक चक्क बूट घालून हिंडत होते. टांगलेली फरशी नव्हती. यंत्र एका जाड टेबलावर, आणि ते टेबल आपला तोल आपणच सांभाळत होतं. मॅडमनी एक थेंब ठेवला आणि पडद्यावर डीएनए आलं. ओळीओळीने नाही. एकदम. आणि ते हलत होतं. पाण्यात वेटोळं सुटत होतं, टोक वळवळत होतं, एक प्रथिनाचा गोळा त्याच्यावर येऊन बसत होता, घसरत होता, पुन्हा बसत होता. सेकंदाला कितीतरी चित्रं.

ती उभीच राहिली. आयुष्यभर तिने हे रेणू वाळवून, चिकटवून, स्थिर करून बघितले होते. त्यांना अशी चाल असेल हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. बाबांना हे कसं करून देता आलं असतं, असा विचार मनात आला आणि तिने तो तसाच राहू दिला. पुठ्ठ्यात हे मावलं नसतं.

"हे जिवंत आहे," तिने विचारलं, "की नुसतंच हलतंय?"

मॅडम तिच्याकडे बघून हसल्या. "मी तीस वर्षं हेच शिकवतेय, आणि अजून नीट सांगता येत नाही."

"मग सांगू नका." तिने पर्स खाली ठेवली, स्टूल उचलून यंत्राजवळ नेलं आणि बसली. "तो गोळा मघाशी घसरला ना, तिथपासून परत लावा बघू."